परवाना हाती आला, त्यानंतरचं वर्ष

अमेरिकेत मानसोपचार नर्स प्रॅक्टिशनरची राष्ट्रीय परीक्षा पास झाली आणि राज्याचा परवाना आला, की कायद्याच्या दृष्टीने तुम्ही तयार असता. पेशंट तपासायचा, निदान करायचं, औषध लिहायचं. माजी सैनिकांच्या सरकारी आरोग्यव्यवस्थेत, जिला सगळे नुसतं 'व्हीए' म्हणतात, तिथे तर डिसेंबर २०१६च्या नियमाने नर्स प्रॅक्टिशनरना पूर्ण अधिकाराने काम करायची वाट मोकळी केली. बाहेर ज्या राज्यांत डॉक्टरांबरोबर देखरेखीचा करार लागतो, तिथल्या व्हीएतही हा नियम चालतो. फक्त नियंत्रित औषधांसाठी राज्याच्या परवान्याच्या मर्यादा पाळाव्या लागतात.

अधिकार एवढा मोठा आणि त्यामागचं प्रात्यक्षिक किती? आमच्या अभ्यासक्रमांत पेशंटबरोबर घालवायचे किमान तास बरीच वर्षं ५०० होते, २०२२च्या मानकांनी ते ७५० केले. मानसोपचाराचा डॉक्टर मेडिकल कॉलेजनंतर चार वर्षं रेसिडेन्सी करतो, म्हणजे देखरेखीखाली पेशंट बघत शिकतो. आम्हाला तशी सक्तीची पायरीच नाही. पदवी, परीक्षा, परवाना, आणि पुढच्या सोमवारी स्वतःच्या नावाची खोली. व्हीएने परवाना आणि ती खोली यांच्या मध्ये एक वर्षाची रेसिडेन्सी ठेवली आहे. ती ऐच्छिक आहे आणि जागा मोजक्या असतात. मी ती केली. ते वर्ष डॉक्टरांच्या चार वर्षांच्या तोडीचं आहे असा माझा दावा नाही. पण हे वर्ष ऐच्छिक असू नये, प्रत्येक नव्या मानसोपचार नर्स प्रॅक्टिशनरला ते मिळायलाच हवं, असं माझं ठाम मत त्यातूनच झालं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. यात आलेल्या पेशंटांचे तपशील मी इतके बदलले आहेत की त्यांना कोणी ओळखू नये.

माझं बी.एस्सी. नर्सिंग पुण्यात झालं. मानसोपचाराची पोस्टिंग येरवड्याला प्रादेशिक मनोरुग्णालयात होती, आणि बाकीच्या मुली दिवस मोजत असताना मला तिथून निघावंसं वाटत नव्हतं. लग्नानंतर अमेरिकेत आले, परवान्याची परीक्षा दिली, आधी मेडिकल-सर्जिकल वॉर्डात आणि मग मानसोपचाराच्या बंद वॉर्डात नर्स म्हणून काम केलं. नोकरी सांभाळत मास्टर्स केलं. माजी सैनिकांकडे ओढा होता त्याचं कारण घरात आहे. आमचं आजोळ सातारा जिल्ह्यातलं. त्या बाजूला अपशिंगे गावाच्या नावालाच 'मिलिटरी' जोडलेलं आहे. मामा मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त होऊन घरी आले, तेव्हा मी शाळेत होते. रात्री अंगणात येरझाऱ्या घालायचे. आजी म्हणायची, "फौजेची सवय आहे, जाईल." ती गेली नाही, आणि त्यांना कोणी काही विचारलंही नाही. विचारायचं काय, हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

रेसिडेन्सीसाठी अमेरिकेचं नागरिकत्व लागतं, मान्यताप्राप्त संस्थेतून नुकतीच घेतलेली पदवी लागते, आणि सुरुवात होईपर्यंत राष्ट्रीय प्रमाणपत्र व परवाना हातात असावा लागतो. परवाना कुठल्याही एका राज्याचा चालतो, कारण व्हीए केंद्र सरकारची आहे. मुलाखतीत मला औषधांच्या मात्रा विचारतील म्हणून मी रात्ररात्र जागून तयारी केली होती. त्यांनी विचारलं, "पेशंट एक विशिष्ट औषध मागायलाच आला आहे आणि तुम्हाला ते द्यायचं नाही. त्याच्याशी पहिलं वाक्य काय बोलाल?" मी म्हटलं, "या औषधाने तुम्हाला आजवर काय दिलं, ते आधी सांगा." पुढचं सगळं वर्ष या एका प्रश्नाभोवती फिरणार आहे, हे तेव्हा कळायचं कारण नव्हतं.

सुरुवातीचे आठवडे बोटांचे ठसे, ओळखपत्र, संगणकावरची असंख्य प्रशिक्षणं आणि व्हीएची जुनी, राखाडी खिडक्यांची रेकॉर्ड प्रणाली सीपीआरएस शिकण्यात गेले. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. वर्षाची आखणी मात्र सांगण्यासारखी आहे. आठवड्यातले बहुतेक दिवस क्लिनिक, एक दिवस शिकणं. त्या दिवशी मानसोपचाराचे निवासी डॉक्टर, मानसशास्त्राचे इंटर्न, सोशल वर्कचे विद्यार्थी आणि फार्मसीचे रेसिडेंट एकाच टेबलाभोवती बसत. बाह्यरुग्ण क्लिनिक वर्षभर चालू, आणि त्याच्या जोडीला काही काही आठवडे आंतररुग्ण वॉर्ड, व्यसनमुक्ती, पीटीएसडीचा (युद्धासारख्या आघातानंतर जडणाऱ्या मानसिक विकाराचा) चमू, प्राथमिक आरोग्य केंद्रातलं मानसिक आरोग्य आणि घरी जाऊन भेटणारा चमू.

मुख्य गोष्ट होती प्रिसेप्टरची, म्हणजे शेजारी राहून शिकवणाऱ्या अनुभवी व्यक्तीची. माझी प्रिसेप्टर स्वतः सैन्यात नर्स होती, नंतर नर्स प्रॅक्टिशनर झाली. पहिल्या महिन्यांत नवा पेशंट आला की मी त्याच्याशी तास-सव्वा तास बोलायचे, मग त्याला थांबायला सांगून शेजारच्या खोलीत जायचे आणि तिला सगळं सांगायचे. ती विचारायची, "तुला काय वाटतं? आणि तुझं चुकत असेल तर काय असू शकेल?" मग आम्ही दोघी परत आत जायचो. हा दुसरा प्रश्न तिने मला वर्षभर विचारला. नैराश्य वाटतंय, पण थायरॉइड पाहिलं का? पीटीएसडी वाटतंय, पण स्फोटाजवळ होता, डोक्याला मार लागला होता का? चिडचिड वाढली, पण दारू कधी सोडली? नोकरीत पहिल्या दिवसापासून स्वतःचं पॅनेल, म्हणजे आपल्या नावावरचे सगळे पेशंट, सांभाळणाऱ्या माझ्या वर्गमैत्रिणींना हे विचारणारं कोणी नव्हतं. त्या हुशार होत्या, मेहनती होत्या, आणि संध्याकाळी गाडीत बसून मला फोन करायच्या.

सैन्याची भाषा हा वेगळा अभ्यासच होता. मरीनला 'सोल्जर' म्हणायचं नाही, तो मरीन असतो, निवृत्त झाल्यावरही. नौदलातला सेलर, हवाईदलातला एअरमन. कुठल्या दलात होता, काम काय होतं, कुठे होता, कधी होता, सैन्यातून बाहेर कसा पडला, हे विचारायचं. कोणाला मारलंत का, हे कधीच विचारायचं नाही. सांगायचं असेल तर तो सांगेल, आणि तो सांगेल तेव्हा तुमच्या चेहऱ्याला ते झेलता आलं पाहिजे. 'तुमच्या सेवेबद्दल धन्यवाद' या वाक्याने काही जणांना बरं वाटतं, व्हिएतनामहून परत आल्यावर ज्यांची हेटाळणी झाली त्यांच्यापैकी काहींना ते बोचतं. खोलीतल्या खुर्च्यांचीही एक रीत आहे. पुष्कळ जणांना पाठ भिंतीकडे आणि नजर दाराकडे लागते. माझीही वाट अडता कामा नये. म्हणून खुर्च्या अशा ठेवायच्या की दोघांनाही दार मोकळं राहील.

माझा वर्ण आणि माझा उच्चार या खोलीत माझ्याबरोबर येतो, हेही तिथे उघडपणे बोललं गेलं. इराकमध्ये तपासणी नाक्यावर काम केलेला एक जण पहिल्या भेटीत माझ्याकडे बघेना. बऱ्याच वेळाने म्हणाला, "तुमचा दोष नाही. पण तुमचा चेहरा पाहून मला नाक्यावरच्या बायका आठवतात." मी त्याला म्हटलं, तुम्ही हे सांगितलंत ते बरं झालं, दुसरं कोणी हवं असेल तर आज लगेच व्यवस्था करते, आणि माझ्याकडेच यायचं असेल तर सावकाश जाऊ. प्रिसेप्टरही तेच म्हणाली. तो माझ्याकडेच येत राहिला. त्या बायकांबद्दल तो बोलू लागला त्याला पुढे बरेच महिने लागले. मला त्याचं बोलणं लागलं नाही असं नाही. त्या आठवड्याच्या सुपरव्हिजनचा, म्हणजे प्रिसेप्टरबरोबर बसून कामाबद्दल बोलायचा, तास आम्ही फक्त त्यावर घालवला. असा राखून ठेवलेला तास, ज्यात कोणी पेशंट घुसवणार नाही, कुठल्याही नव्या नोकरीत मागून मिळत नाही.

आता बंदुकांबद्दल. महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला हा भाग परका वाटेल, मलाही होता. २०२२ साली अमेरिकेत ६,४०७ माजी सैनिक आत्महत्येने गेले, म्हणजे दिवसाला सरासरी सतरा-अठरा. त्यातल्या दर दहांपैकी सातांहून अधिक जणांनी बंदूक वापरली. औषधाच्या गोळ्या घेतलेला माणूस अनेकदा वाचतो, बंदूक वापरलेला बहुतेकदा वाचत नाही. मरायची तीव्र लहर मात्र पुष्कळदा मिनिटांत किंवा तासांत ओसरते. त्यामुळे माणूस आणि बंदूक यांच्यात त्या तासापुरता वेळ आणि अंतर घालणं, हे मानसोपचारातलं फार मोठं काम आहे. कुठल्याही औषधाइतकंच मोठं, असं मी आता म्हणते.

कागदावर हे सोपं आहे. समोरच्या माणसासाठी मात्र बंदूक म्हणजे शिकार, वडिलांची आठवण, शेतावरचं रोजचं साधन, आणि सैन्यात तर जीव वाचवणारी वस्तू. "तुमच्याकडे बंदूक आहे का?" असं विचारलं की सरकार हत्यारं काढून घ्यायला आलं असं त्याला वाटतं आणि उत्तर 'नाही' येतं. प्रिसेप्टरने मला शिकवलं, की आधी कारण सांग, मग असेलच असं धरून विचार: "वाईट दिवस आला तर तुम्ही सुरक्षित राहावं म्हणून मी सगळ्यांना विचारते. घरातल्या बंदुका कशा ठेवता?" मी हे वाक्य आरशासमोर म्हणत बसायचे.

सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ आठवतात. तरुणपणी नौदलात होते, नंतर आयुष्यभर कारखान्यात. निवृत्ती होईपर्यंत सगळं ठीक, आणि हात रिकामे झाल्यावर पन्नास वर्षांपूर्वीचं सगळं परत आलं. हे बऱ्याच जणांच्या बाबतीत घडतं. निवृत्ती, जोडीदाराचं जाणं, हृदयाचं ऑपरेशन, आणि इतकी वर्षं कामाच्या घाईत दबून राहिलेलं वर येतं. उशाजवळच्या खणात भरलेलं पिस्तूल होतं. ते द्यायला तयार नव्हते, आणि मी द्या म्हटलंही नाही. व्हीए बंदुकीला लावायचं केबलचं कुलूप फुकट देते, ते मी टेबलावर ठेवलं. त्यांनी ते हातात घेऊन बघितलं आणि परत ठेवलं. मग मी विचारलं, "तुमचा नातू राहायला येतो तेव्हा काय करता?" म्हणाले, "तेव्हा गोळ्या मुलाच्या घरी पाठवतो." बराच वेळ ते गप्प बसले. प्रिसेप्टर कोपऱ्यात होती, तीही गप्प. मग तेच म्हणाले, की हिवाळा संपेपर्यंत गोळ्या तिकडेच राहू देत. बायकोला आत बोलावलं, तिने त्याच दुपारी मुलाला फोन केला.

त्यानंतर सुरक्षा आराखडा लिहिला. हा स्टॅन्ली आणि ब्राउन या दोन मानसशास्त्रज्ञांनी तयार केलेला आराखडा व्हीएत २००८पासून वापरात आहे. धोक्याची चाहूल कशी ओळखाल, एकटे असताना काय कराल, मन दुसरीकडे वळवायला कुठे जाल, कोणाला फोन कराल, कुठल्या दवाखान्याला किंवा हेल्पलाइनला फोन कराल, घर सुरक्षित कसं कराल. संगणकावर याचे रकाने असतात आणि ते पटापट भरता येतात. 'संगीत ऐकेन, फिरायला जाईन' असं लिहून मोकळं व्हायचा मोह होतो. माझ्या प्रिसेप्टरचा नियम होता, की पेशंटच्या तोंडचे शब्द नसतील तर तो आराखडा नाही. या गृहस्थांनी चाहुलीच्या रकान्यात सांगितलं, "मी कुत्र्याशी बोलेनासा होतो." तेच लिहिलं. हेल्पलाइनच्या रकान्यात ९८८ आणि मग १ दाबायचं, हे त्यांच्याच फोनमध्ये साठवून घेतलं. पूर्वी पेशंटकडून 'मी जिवाचं काही करणार नाही' असा करार सही करून घ्यायची पद्धत होती. त्या कागदाने कोणाचा जीव वाचतो याला आधार नाही, त्याने फक्त आपल्या मनाला आधार मिळतो.

व्हीएकडे २०१७पासून रीच व्हेट नावाची एक व्यवस्था आहे. रेकॉर्डमधल्या माहितीवरून संगणक हिशोब करतो आणि ज्यांची जोखीम सगळ्यात जास्त, अशा वरच्या ०.१ टक्के पेशंटांची नावं काढतो. त्यातलं एखादं नाव तुमच्या पॅनेलमधलं असलं की तुम्ही त्या माणसाशी संपर्क करायचा. हे नाव आज मरायच्या विचारात असेलच असं नाही. बऱ्याचदा दुखणी, बदलती औषधं, चुकलेल्या अपॉइंटमेंट यांचं ओझं असतं. असा पहिला फोन करताना मला सुरुवात सुचेना. 'तुमचं नाव यादीत आलंय' असं कसं म्हणायचं? शेवटी मी म्हटलं, "तुमच्यावर सध्या बरंच काही एकदम आलेलं दिसतंय, म्हणून फोन केला. आमच्याकडून काही राहून जातंय का?" पलीकडून उत्तर आलं, की गुडघ्याचे डॉक्टर सहा महिने तारीख देत नाहीत. मी ती तारीख मिळवून दिली. मानसोपचाराचं काम कधीकधी गुडघ्याची तारीख मिळवून देण्याचं असतं, आणि त्याला कमी लेखू नये.

औषधांच्या बाबतीत मी जास्त शिकले ते थांबवण्याबद्दल. पीटीएसडीसाठी व्हीए आणि संरक्षण खात्याची जी संयुक्त मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यांची २०२३ची आवृत्ती स्पष्ट सांगते: आघातावर थेट काम करणारी संवादोपचार पद्धती आधी, औषध नंतर. औषधांत सर्ट्रालिन, पॅरोक्सेटिन, व्हेनलाफॅक्सिन. बेन्झोडायझेपिन, म्हणजे क्लोनाझेपामसारखी मन शांत करणारी, सवय लागणारी औषधं, नको. पण माझ्या पॅनेलमध्ये वीस-वीस वर्षं क्लोनाझेपाम घेणारी माणसं होती. ते त्यांना कोणी वाईट हेतूने दिलं नव्हतं. ज्या काळी दुसरं फारसं काही हाती नव्हतं, त्या काळी दिलं होतं. आता वय वाढलं, पाय अडखळतात, विसरायला होतं, शिवाय पाठदुखीची ओपिऑइड (अफूच्या वर्गातली) गोळी चालू. दोन्ही मिळून झोपेत श्वास मंदावू शकतो.

एक गृहस्थ आत येऊन बसण्याआधीच म्हणाले, "या गोळीला हात लावायचा नाही." मुलाखतीतला तो प्रश्न इथे खरा झाला. गोळीने काय दिलं ते विचारलं. म्हणाले, या गोळीमुळे मी मुलीच्या लग्नात गर्दीत उभा राहू शकलो. आमच्या क्लिनिकमधल्या मानसोपचाराच्या फार्मसिस्टने मात्रा कमी करायचा तक्ता करून दिला. (व्हीएतले हे फार्मसिस्ट स्वतः पेशंट बघतात, आणि औषधांबद्दल मी जे शिकले त्यातलं निम्मं त्यांच्याकडून.) पहिली घट एवढी छोटी ठेवली की ती जाणवूच नये. प्रिसेप्टर म्हणाली, पहिल्या घटीत गोळी कमी होत नसते, विश्वास तयार होत असतो. मध्ये दोनदा थांबलो, एकदा त्यांच्या भावाच्या मृत्यूमुळे. वर्षाअखेर ते निम्म्या मात्रेवर आले आणि तिथे थांबायचं असं दोघांनी मिळून ठरवलं. ओपिऑइडच्या जोडीला घरात नॅलोक्सोनचा, म्हणजे ओपिऑइडचा जास्त झालेला परिणाम उतरवणारा, फवारा दिला आणि बायकोला वापरायला शिकवला.

प्राझोसिनवरून आमच्या वर्गात खूप वाद झाला. रक्तदाबाचं हे जुनं औषध पीटीएसडीतल्या वाईट स्वप्नांसाठी वापरतात. सुरुवातीचे छोटे अभ्यास आशादायक होते. मग २०१८मध्ये व्हीएच्याच १३ केंद्रांतल्या ३०४ माजी सैनिकांवरचा मोठा अभ्यास आला आणि त्यात औषध नसलेल्या नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा (प्लासिबोपेक्षा) काही फरक दिसला नाही. तरी जुने डॉक्टर सांगत, की माझ्या पेशंटांना त्याचा उपयोग होतो. २०२३च्या तत्त्वांनी स्वप्नांसाठी त्याची सौम्य शिफारस ठेवली आहे. असा पुरावा समोर असताना समोरच्या माणसाशी प्रामाणिकपणे कसं बोलायचं, हा खरा धडा होता. मी सांगायला शिकले, की काहींना फायदा होतो, काहींना होत नाही, रात्री एक मिलिग्रॅमपासून सुरू करू, पहाटे उठताना आधी पलंगाच्या कडेला बसा, आणि चार आठवड्यांनी मला खरं सांगा. त्याच्याही आधी मी विचारते, "घोरता का?" पीटीएसडी आणि झोपेत श्वास अडकणं पुष्कळदा एकत्र असतं, आणि त्याकडे न बघता नुसती स्वप्नांवर गोळी देत बसण्यात अर्थ नाही. श्वासाचा मास्क तोंडावर चढवायचीच ज्याला भीती वाटते, त्याला दिवसा टीव्ही बघताना तो लावून बसायला सांगायचं, मग हळूहळू रात्री.

औषध लिहिणारी मी, पण एका मानसशास्त्रज्ञाबरोबर कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपीच्या (आघाताबद्दलचे घट्ट बसलेले विचार तपासून बघायच्या संवादोपचाराच्या) सगळ्या बारा बैठकांना बसायची संधी मला रेसिडेन्सीतच मिळाली. ताफ्यातली गाडी चालवणारा एक जण होता. त्याच्या मनात एकच वाक्य घट्ट बसलं होतं: मी त्या दिवशी दुसऱ्या रस्त्याने गेलो असतो तर ते वाचले असते. रस्ता त्याने निवडलेला नव्हता, आदेश होता. तरी हे त्याला कोणी सांगून पटणार नव्हतं. बैठकीमागून बैठक तो तेच वाक्य वहीत लिहीत होता आणि स्वतःच त्याला प्रश्न विचारत होता. पीटीएसडीची लक्षणं मोजणारी पीसीएल-५ नावाची वीस प्रश्नांची यादी असते, ० ते ८० गुणांची, तिचे आकडे उतरताना मी पाहिले. कुठलीही गोळी हे करू शकली नसती हे मी डोळ्यांनी पाहिलं, म्हणून आज पेशंटला या थेरपीकडे पाठवताना माझ्या आवाजात खात्री असते.

बरं वाटायला लागलेला माणूस कधी कधी ते सांगायला घाबरतो, हेही तिथेच कळलं. सैन्यसेवेमुळे आलेल्या अपंगत्वाची टक्केवारी ठरते आणि तिच्यावर दरमहा भरपाई मिळते. त्या पैशांवर घराचा हप्ता चालतो. 'बरा आहे' असं रेकॉर्डमध्ये गेलं तर टक्केवारी घटेल, ही धास्ती खरी असते. भरपाईची तपासणी करणारे वेगळे, उपचार करणारी मी वेगळी, हे मी दर वेळी स्पष्ट सांगते आणि नोंद मात्र खरी लिहिते. या माणसांना लबाड समजणारे लोक मला भेटले आहेत. मला त्यांचं म्हणणं मान्य नाही. ज्याच्या घराचं छप्पर एका आकड्यावर उभं आहे, त्याने त्या आकड्याची काळजी करणं स्वाभाविक आहे.

सैन्यात असताना झालेल्या लैंगिक आघाताबद्दल व्हीएत प्रत्येकाला विचारतात, पुरुषांनाही. विचारल्यावर तीनांपैकी एक स्त्री आणि पन्नासांपैकी एक पुरुष 'हो' म्हणतो. उपचार मोफत असतात आणि त्यासाठी त्या वेळी तक्रार केल्याचा कागद लागत नाही. वयस्क पुरुषांनी चाळीस वर्षांनी पहिल्यांदा उच्चारलेलं ते 'हो' मी ऐकलं आहे. त्याबद्दल इथे आणखी लिहिणार नाही.

व्यसनमुक्तीच्या आठवड्यांत ब्युप्रेनॉर्फिन हे ओपिऑइडच्या व्यसनावरचं औषध सुरू करायला शिकले. त्यासाठी पूर्वी लागणारी खास परवानगी डिसेंबर २०२२च्या कायद्याने काढून टाकली, आता नियंत्रित औषधं लिहिण्यासाठीची साधारण केंद्रीय (डीईए) नोंदणी आणि आठ तासांचं प्रशिक्षण पुरतं. आंतररुग्ण वॉर्ड मला ओळखीचा होता, तिथे वेगळं एवढंच की औषधांच्या कागदावर आता सही माझी होती.

वर्षाच्या मध्यावर आमच्या क्लिनिकमधला एक पेशंट आत्महत्येने गेला. तो दुसऱ्या रेसिडेंटचा होता. त्या दिवशी क्लिनिकप्रमुखांनी तिच्या दुपारच्या अपॉइंटमेंट इतरांत वाटल्या, दार लावून घेतलं आणि स्वतः अनुभवलेल्या अशाच मृत्यूंबद्दल तिला सांगितलं. नंतर रेकॉर्डची तपासणी झाली, ती होणारच. पण त्याआधी कुटुंबाला फोन कोणी करायचा, काय बोलायचं, काय बोलू नये, हे तिच्या शेजारी बसून एका अनुभवी माणसाने ठरवलं. तिने तो फोन केला. पुढच्या आठवड्यात ती परत पेशंट बघत होती. एकटीच्या क्लिनिकमध्ये, पहिल्याच वर्षी असं झालं असतं तर तिने हे क्षेत्र सोडलं असतं, असं ती मला नंतर म्हणाली. अशा कारणाने सोडून गेलेल्या दोघी मला माहीत आहेत.

गेल्या खेपेला साताऱ्याला गेले तेव्हा मामांबरोबर ईसीएचएसच्या पॉलिक्लिनिकमध्ये गेले होते. माजी सैनिकांसाठीची ही योजना २००३पासून आहे. रक्तदाब, साखर, डोळे, सगळं नीट झालं. झोपेबद्दल मीच विचारलं, घरी आल्यावर, अंगणात. दल कुठलं, काम काय, कुठे होतात, कधी होतात, या क्रमाने. मामा ऐंशीच्या घरात आहेत. ते दोन तास बोलले आणि मामी दारात उभी राहून ऐकत होती. डिसेंबर २०२३मध्ये पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात, टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा सैन्यदलांसाठीचा कक्ष सुरू झाला. १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक मी त्यांच्या फोनमध्ये घालून आले. भारतात मानसोपचारात एम.एस्सी. केलेल्या नर्स आहेत, त्यांना स्वतंत्रपणे औषध लिहायचा अधिकार नाही. पण झोपेबद्दल विचारायला, घरातल्या माणसाला आत बोलवायला, आराखडा लिहायला तो अधिकार लागत नाही. पॉलिक्लिनिकमध्ये अशी एक नर्स असावी, एवढं मला फार वाटतं.

इकडे अमेरिकेतल्या ज्या मराठी मुली या रेसिडेन्सीबद्दल विचारतात त्यांच्यासाठी थोडं. पगार पूर्ण नोकरीपेक्षा कमी असतो, आणि कर्ज डोक्यावर असताना तो निर्णय अवघड आहे, हे मी जाणते. वर्षानंतर नोकरीची हमी नसते, मात्र पुष्कळ जणी तिथेच राहतात, मीही राहिले. अर्ज साधारण हिवाळ्यात-वसंतात आणि सुरुवात उन्हाळ्याअखेर, पण प्रत्येक केंद्राचं वेळापत्रक वेगळं. शिफारसपत्रं अशा व्यक्तींकडून घ्या ज्यांनी तुम्हाला पेशंटशी बोलताना पाहिलं आहे. आणि मुलाखतीत तुम्हीही विचारा: पहिल्या तीन महिन्यांत दिवसाला किती पेशंट? सुपरव्हिजनचा तास वेळापत्रकात छापलेला आहे की 'वेळ मिळेल तसा'? पेशंट खोलीत बसलेला असताना मला शंका आली, तर मी कोणाचं दार ठोठावू, आणि ती व्यक्ती त्या वेळी स्वतःच्या पेशंटमध्ये अडकलेली असेल का? या शेवटच्या प्रश्नाला त्यांनी नाव घेऊन, खोली दाखवून उत्तर दिलं, तर ती जागा घ्या.